वाचकांचे प्रश्न : चॅलेंजरला केवढी चाके शोभतील?

प्रश्न : माझ्याकडे २०१२ सालची डॉज चॅलेंजर आर/टी आहे. तिला कारखान्यातूनच १८ इंची चाके आणि २३५/५५ आर १८ मापाचे टायर आलेले आहेत. गाडी बाजूने पाहिली की चाकाच्या कमानीत फार पोकळी दिसते आणि एवढ्या दांडग्या अंगाला चाके अगदीच किरकोळ वाटतात. २० इंची घ्यावीत की २२ इंची, याचा निर्णय होत नाही. टायरच्या दुकानदाराचा आग्रह २२ चा आहे. गाडी मी हिवाळ्यातही चालवतो.
– एक वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : चाके किरकोळ दिसतात हे आपले निरीक्षण बरोबर आहे, मात्र त्याचे कारण आणि पोकळीचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानदाराच्या आग्रहात त्या एकत्र मिसळल्या आहेत.

१९७० च्या मूळ चॅलेंजरला १४ किंवा १५ इंची चाके असत आणि ती तिला पुरेशी शोभत, कारण ती गाडी ठेंगणी होती आणि तिच्या पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर २७९४ मि.मी. होते. २००८ मध्ये आलेल्या नव्या गाडीत हेच अंतर २९४६ मि.मी. झाले, दरवाजांचा पत्रा उंच झाला आणि खिडक्या त्या मानाने चिंचोळ्या राहिल्या. जुन्या रेषा मोठ्या अंगावर ताणून बसवल्या की चाकही त्याच प्रमाणात वाढावे लागते. त्या पहिल्या वर्षी ही गाडी केवळ एसआरटी-८ या वेगवान, महागड्या रूपात विकली गेली आणि तिला २० इंची चाके होती. म्हणजे २० इंच हे या गाडीच्या अंगचेच माप आहे. १८ इंची चाके नंतरच्या स्वस्त आवृत्त्यांबरोबर आली. या गाडीवर हौसेची चाके २२ पासून सुरू होतात, असे माझे मत आहे.

आता पोकळीकडे वळू. टायरवरील २३५/५५ आर १८ या आकड्यांतील २३५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १८ हा रिमचा इंचांतील व्यास. या हिशेबाने आपल्या टायरची भिंत सुमारे १२९ मि.मी. आणि संपूर्ण चाकाचा बाहेरचा व्यास ७१५.७ मि.मी. भरतो. एसआरटी-८ चे २४५/४५ आर २० हे माप घेतले, तर भिंत ११० मि.मी. आणि व्यास ७२८.५ मि.मी. होतो. रिम दोन इंचांनी वाढली तरी टायरचा बाहेरचा व्यास तेरा मिलिमीटरच्या आतच वाढला, म्हणजे वरच्या बाजूस कमानीतील फट साडेसहा मिलिमीटरनेसुद्धा कमी झाली नाही. २२ इंची रिमवर २६५/३० आर २२ चढवला, तर व्यास ७१७.८ मि.मी. येतो आणि फट जवळजवळ एका मिलिमीटरनेच कमी होते! दुकानदाराच्या २२ इंची चाकांनी आपली मूळ तक्रार दूर होत नाही. काळे रबर कमी आणि चकचकीत धातू जास्त दिसू लागतो, एवढेच.

गाडी भरलेली वाटण्यासाठी फार तर निम्मे काम व्यासाचे असते. उरलेले काम रुंदीचे आणि चाक किती बाहेर येते याचे असते. आपल्या साडेसात इंच रुंद रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, +२४ मि.मी. धरा; + म्हणजे तो पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस. त्याऐवजी ९ इंच रुंद आणि +२० मि.मी. ऑफसेटची २० इंची रिम लावली, तर बाहेरची कड सुमारे २३ मि.मी. बाहेर येते आणि आतली कड सुमारे १५ मि.मी. सस्पेन्शनकडे सरकते. त्या २३ मिलिमीटरमध्येच गाडीचे रूप पालटते, कारण चाक फेंडरच्या आत लपून न राहता त्याच्या कडेशी येऊन उभे राहते. यानंतरही वरची फट खुपत असेल, तर तो स्प्रिंगचा विषय आहे, चाकाचा नव्हे. आणि मिशिगनच्या बर्फात गाडी आणखी खाली बसवण्याचा सल्ला मी देणार नाही.

माझी शिफारस २०×९ रिम आणि २४५/४५ आर २० टायर अशी आहे. साडेनऊ इंची रिम मिळाली, तर २७५/४० आर २० हेही उत्तम, कारण त्याचा व्यास ७२८ मि.मी. म्हणजे जवळपास तेवढाच राहतो आणि रस्त्याला टेकणारे रबर वाढते. घेर १.८ टक्क्यांनी वाढल्यामुळे वेगदर्शक ६० मैल दाखवील तेव्हा प्रत्यक्ष वेग ६१ मैलांच्या आसपास असेल. पोलिसांना ही सबब चालणार नाही, परंतु गाडीच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक आहे.

२२ ला माझा विरोध प्रामुख्याने भिंतीमुळे आहे. २६५/३० च्या भिंतीची उंची ८० मि.मी. सुद्धा भरत नाही, आणि आपल्याकडे दिवसा वितळलेले बर्फाचे पाणी डांबराच्या भेगांत शिरून रात्री पुन्हा गोठते व रस्ता फोडते, हे आपण दर मार्चमध्ये पाहतच असाल. अशा खड्ड्यात चाक आपटले की टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चेपला जातो. मग भिंतीवर लिंबाएवढा फुगवटा येतो किंवा रिमची कड वाकते. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशी चाके हौसेने बसवली होती. त्यांच्या शेजारी बसून पुलाचा प्रत्येक सांधा मी मणक्यांनी मोजला आहे.

भारवहनाचाही प्रश्न आहे. टायरच्या मापापुढे लिहिलेला ९९ हा निर्देशांक एका टायरवर ७७५ किलो आणि ९७ हा ७३० किलो भार दर्शवतो. बारीक भिंतीचे टायर पुष्कळदा या कसोटीवर उणे पडतात. आपल्या दरवाजाच्या खांबावरील पट्टीवर मूळ माप आणि हवेचा दाब दिलेला आहे. मूळ टायरवरील निर्देशांकाच्या खाली जाऊ नये. रिमच्या वजनाकडेही असेच लक्ष द्या. रिम विकत घेण्यापूर्वी एक रिम काट्यावर ठेवून पाहण्यास सांगा, कारण परिघाकडे गेलेले प्रत्येक किलो वेग घेताना आणि ब्रेक लावताना अधिक जाचक ठरते, शिवाय ते स्प्रिंगने पेललेले वजन नसल्यामुळे खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारू लागते.

जुनी १८ इंची चाके मात्र विकू नका. त्यांवर हिवाळी टायर चढवून ती नोव्हेंबरपासून वापरा. उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, आणि बर्फात अरुंद टायर व उंच भिंत हेच अधिक कामाचे. दोन्ही संचांत टायरचा दाब मोजणारे सेन्सर बसवून घ्या. २००८ पासूनच्या अमेरिकी प्रवासी गाड्यांना ती यंत्रणा सक्तीची आहे आणि ती जाणूनबुजून निकामी करण्यास दुकानांना कायद्याने मनाई आहे. सेन्सर गाडीच्याच रेडिओ वारंवारतेचे असले पाहिजेत, नाहीतर डॅशबोर्डवरील पिवळा दिवा मुक्कामाला येतो.

चाके बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी हळू चालवा आणि मग टॉर्च घेऊन कमानीच्या आतील प्लॅस्टिकचे अस्तर पाहा. त्यावर चकाकी आलेली रेघ दिसली, तर टायर घासत आहे.

प्रश्न : माझा मित्र त्याच्या फोर्ड मस्टँगची २० इंची चाके मला स्वस्तात देतो आहे. ती माझ्या चॅलेंजरला बसतात. आम्ही एक चाक लावूनही पाहिले. घ्यावीत का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : घेऊ नयेत. चॅलेंजरचे पाच स्टड, म्हणजे ज्यांवर चाकाचे नट आवळतात ते दांडे, ११५ मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि मस्टँगचे ११४.३ मि.मी. च्या. सात दशांश मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि नट आवळताना जेमतेम जाणवतो, म्हणूनच तो फसवा आहे. नट तिरके बसतात, त्यांचा उतार रिमच्या खाचेत एकाच बाजूने टेकतो, आणि पुढे एक तर गाडी थरथरते किंवा नट सैल होतात. शिवाय मस्टँगच्या रिमचे मधले भोक ७०.५ मि.मी. चे, तर आपला हब ७१.५ मि.मी. चा; तेव्हा त्या दिवशी चाक खरोखर हबवर टेकले होते की नुसते स्टडवर लोंबत होते, याची मला शंका आहे. क्रायस्लर ३०० किंवा डॉज चार्जरची चाके मात्र पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांची आखणी ११५ चीच आहे. कोणतीही चाके घेतली तरी नट टॉर्क रेंचने पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

प्रश्न : पुण्यात माझी २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. तिला २० इंची चाके लावणे योग्य होईल का?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : मापे जुळतात. पुढच्या २५५/४० आर १९ च्या जागी २५५/३५ आर २० आणि मागच्या २७५/४० आर १९ च्या जागी २७५/३५ आर २० लावल्यास पुढचा व्यास जवळजवळ तोच राहतो आणि मागचा दोन मिलिमीटरने कमी होतो. परंतु पुढच्या भिंतीची उंची १०२ वरून ८९ मि.मी. वर येते, आणि आपल्याकडचे गतिरोधक व पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे पाहता ते १३ मिलिमीटर फार मोलाचे आहेत. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, त्यामुळे चाके बदलण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. मी आपल्या जागी असतो, तर तेवढ्या पैशांत १९ इंचांचेच अधिक चांगले टायर घेतले असते.