विमानतळावरूनच परत पाठवलं. पुढचा व्हिसा मिळेल का?

प्रश्न : मुलगा 2023 मध्ये एम.एस.साठी अमेरिकेला गेला. विमानतळावर मोबाइल तपासला, त्यात पेट्रोल पंपावर काम करण्याविषयीचे मेसेज सापडले. सह्या घेऊन त्याला परत पाठवलं. एजंट म्हणतो, नवा पासपोर्ट काढा आणि कॅनडाच्या अर्जात काही सांगू नका. काय करावं? – एक पालक, सांगली

उत्तर : आधी एजंट बदला. पासपोर्ट बदलला तरी बोटांचे ठसे तेच राहतात आणि अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे देश ते आपापसांत पडताळतात. कोणत्या देशाने प्रवेश नाकारला किंवा बाहेर काढलं का, हे कॅनडाच्या अर्जात विचारलेलं असतं. लपवल्याचं सिद्ध झालं तर 5 वर्षं बंदी. ब्रिटनमध्ये अशा फसवणुकीला 10 वर्षं.

आता मुलाला मिळालेले कागद काढा. आय-275 हा फॉर्म असेल, तर त्याने प्रवेशाचा अर्ज स्वतः मागे घेतला असं धरतात. व्हिसा रद्द होतो, पण ठरावीक वर्षांची बंदी लागत नाही. आय-860 हा मात्र तातडीच्या हद्दपारीचा आदेश. सोबतच्या आय-296 वर बंदीच्या मुदतीपुढे खूण असते. पहिल्या खेपेला 5 वर्षं, मायदेशी पाठवल्यापासून.

पण 5 वर्षं सरली की सुटलो, असं धरू नका. आय-860 वर लिहिलेलं अमेरिकी इमिग्रेशन कायद्याचं कलम वाचा. 212(ए)(7) म्हणजे प्रवेशासाठी योग्य व्हिसा वा कागदपत्रं नव्हती. 212(ए)(6)(सी) असेल तर खोटी माहिती दिल्याचा ठपका, आणि त्या बंदीला मुदतच नाही, ती कायमची. दोन्ही कलमं एकत्रही लावतात. मुलाने सही केलेला जबाब म्हणजे आय-867. ठपक्याचा पाया तिथेच सापडतो. (घाईत न वाचता केलेली सही पुढे महागात पडते ती अशी.) कागद हरवले असतील तर आपल्या माहिती अधिकारासारख्या तिथल्या कायद्याखाली सीबीपीकडे (विमानतळावर प्रवेश तपासणारं अमेरिकेचं सीमा खातं) प्रती मागवता येतात.

अमेरिकेच्या डीएस-160 या व्हिसा अर्जात दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रवेश नाकारला किंवा अर्ज मागे घेतला का, याचं उत्तर दोन्ही प्रकारांत 'हो'. हद्दपार केलं का, याला 'हो' फक्त आय-860 असेल तर. बंदी चालू असतानाही विद्यार्थी व्हिसासाठी 212(डी)(3) खाली माफी मिळू शकते. त्यासाठी मुलाखतीतल्या अधिकाऱ्याची शिफारस लागते, निर्णय सीबीपी घेते. आय-212 हा हद्दपारीनंतर पुन्हा येण्याची परवानगी मागणारा अर्ज मुख्यतः ग्रीन कार्डच्या वाटेने जाणाऱ्यांचा.

कॅनडाच्या अर्जाला या कागदांच्या प्रती आणि तारखांसह घडलेलं सांगणारं एक पानी पत्र जोडा. पत्रातला मजकूर जबाबाशी जुळलाच पाहिजे.