दुबळ्यांनी गळून पडणं हा निसर्गाचाच नियम आहे तर समाज मध्ये का पडतो?

तुम्ही डार्विनचं नाव घेऊन विचारलंय की बळी तो कान पिळी हाच सृष्टीचा नियम असेल तर औषधपाणी, सवलती वगैरे देऊन आपण संस्कृतीच्या नावाखाली निसर्गाच्या विरुद्ध जातोय का. थोडक्यात उत्तर: नाही. आणि ते 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' (जो लायक तोच टिकतो) मुळात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताचं, १८६४ चं. डार्विनने १८६९ च्या आवृत्तीत ते उचललं आणि तेव्हापासून ज्याला कोणाला खाली दाबायचंय तो ते तोंडावर फेकतोय. एवढं लिहून थांबले असते, पण हाच प्रश्न मला माझ्याच घरात, माझ्याच हातचे पोहे खात विचारला गेलाय, त्यामुळे जरा लांबण लागणार.

मी गडचिरोली जिल्ह्यातली. आमच्याकडे सिकलसेल म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, तुम्हाला सांगते: आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. मी स्वतः एएस, म्हणजे वाहक, हा जीन आईबापांपैकी एकाकडूनच आलेला, त्रास काहीच नाही. कॉलेजात असताना गावात कॅम्प लागला होता. बोटातून थेंबभर रक्त घेऊन नळीतल्या द्रावणात टाकतात आणि ती नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरतात, रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. माझ्या नळीतून रेघा दिसल्या नाहीत. मग इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे खात्रीच्या पुढच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला, एएस पॅटर्न.

लग्नाचं बघणं सुरू झालं तेव्हाच मी आईला सांगून ठेवलं होतं की रिपोर्ट आधी दाखवायचा, लपवाछपवी नाही. नागपूरचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. सोबत त्याचे मामा, बँकेतून रिटायर्ड, जगातल्या सगळ्या विषयांचे जाणकार. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "हे तर रक्तातच खोट आहे जी. निसर्ग अशांना गाळत असतो, आपण औषधं देऊन उगाच वाढवतो. डार्विननं सांगितलंच आहे ना." बाबा गप्प. मीच विचारलं, मुलाची टेस्ट झाली का? तर म्हणे, "आमच्यात नसते बा अशी भानगड." दुसऱ्या दिवशी फोनवर नकार.

आता हिशोब बघा. तो एए, म्हणजे हा जीन नसलेला, असता तर आमचं एकही मूल एसएस, म्हणजे दोघांकडून जीन घेऊन आजारी, झालं नसतं. एएस असता तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता. म्हणजे अडलं होतं ते सगळं त्याच्या रक्तावर, आणि नेमकं तेच तपासायला यांची तयारी नाही!

मामांना तेव्हा जे सांगायचं राहिलं ते तुम्हाला सांगते. निसर्गाला गाळायचंच असतं तर हा जीन कधीच संपला असता, कारण पूर्वी एसएस पोरं बहुतेक लहानपणीच दगावायची. तरी टिकला. का, ते अँथनी अ‍ॅलिसनने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या कामावरून दाखवलं: एएस मुलांना फाल्सिपेरम मलेरिया, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात जीवघेणा प्रकार, तितका झोडपत नाही. राज्यात मलेरिया म्हटलं की गडचिरोलीचं नाव येतंच, त्यामुळे आमच्याकडे हा जीन का, याचं कोडं पडायचं कारण नाही. जंगलातल्या तापाने पोरं जात होती तेव्हा ही 'खोट'वाली पोरं तगली, म्हणून मी आहे. आता राहते त्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये त्याच जीनचा मला काडीचा उपयोग नाही.

त्याच्या पुढची गोष्ट मला जास्त आवडते. १९५८ मध्ये फ्रँक लिव्हिंगस्टोन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने पश्चिम आफ्रिकेबद्दल मांडलं की लोकांनी लोखंडी हत्यारांनी जंगल तोडून शेती धरली, वस्त्या वाढल्या, उघड्यावर उन्हात डबकी साचली, डासांची सोय झाली, मलेरिया पसरला आणि त्यामागून हा जीन वाढला. म्हणजे कुऱ्हाड आधी चालली, रक्त नंतर बदललं. दुधाचंही तसंच, गुरं पाळणाऱ्यांमध्ये मोठेपणी दूध पचवणारा जीन पसरला. मग यात निसर्ग कुठे संपला आणि संस्कृती कुठे सुरू झाली ते तुम्हीच सांगा.

मामांचं बोलणं काही नवीन नव्हतं. डार्विनच्याच नात्यातल्या गाल्टनने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' (निवडक लोकांचीच संतती वाढवून वंश 'सुधारण्याचा' विचार) हे नाव काढलं, १९०७ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, पुढे जर्मनीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अरे, निसर्ग आपोआप गाळत होता ना, मग कायदा, पोलीस आणि सर्जन कशाला लागले?

हां, डार्विन काही संत नव्हता. १८७१ च्या पुस्तकात त्यानेही लिहिलंय की लस देऊन आपण दुबळ्यांना जगवतो आणि त्यांची संतती वाढते. पण लगेच पुढे हेही लिहिलंय की ही सहानुभूती दाबली तर आपल्या स्वभावातला सगळ्यात उमदा भाग खराब होईल. मामांसारखे लोक पहिलं वाक्य पाठ करतात.

आणि मी सिकलसेलचं कौतुक करतेय असं समजू नका. माझा चुलतभाऊ एसएस आहे, थंडीत हातपाय दुखायला लागले की रात्रभर झोपत नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने त्याचे अ‍ॅडमिट व्हायचे प्रसंग बरेच कमी झालेत, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. तुमच्या भाषेत ही 'ढवळाढवळ'. दोघंही एएस असाल तर लग्न करूच नका असं मी म्हणणार नाही, पण आधी समुपदेशन घ्या, गर्भाची तपासणी होते तीही समजून घ्या. एएसवाल्यांनाही खूप डिहायड्रेशन झालं किंवा फार उंचावर गेलं तर क्वचित त्रास होऊ शकतो.

सवलतींबद्दल वेगळा प्रश्न टाका, इथे नको. पण लग्न ठरायचं असेल आणि घर आमच्या भागातलं असेल तर पत्रिकेच्या आधी सरकारी दवाखान्यात जाऊन टेस्ट करून घ्या, आणि फक्त मुलीची नाही. "आमच्यात नसतं" म्हणणाऱ्यांची आधी करा, विदर्भात हे एका जातीत किंवा एका जमातीत बांधलेलं नाही. माझा नवरा एए आहे. त्याचा रिपोर्ट मी साखरपुड्याआधी मागून घेतला होता, सासूबाईंना त्याचा राग आला होता आणि तो अजूनही पूर्ण गेलेला नाही.