माफी मागून झाली तरी मन खातंय?

"देवाकडे माफी मागितली पण मोकळं वाटतच नाही, म्हणजे त्याने माफ केलं नसेल का?" हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

हा मुलगा चर्चच्या तरुण संघाचा हिशोब बघायचा. अडचणीत संघाचे थोडे पैसे वापरले, नंतर गुपचूप परत ठेवले, कुणाला पत्ताच नाही. पण तेव्हापासून प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी काहीतरी निमित्त काढून मागेच बसायचा आणि रोज रात्री त्याच पापाची कबुली, तेच शब्द. मला म्हणाला, "मॅडम, पैसे तर दिले ना परत, मग अजून काय बाकी आहे?"

मी त्याला बायबलमधला लूक 19 काढायला लावला. जक्कय, म्हणजे लोकांच्या नजरेत पापी असलेला श्रीमंत जकातदार, त्याची संडेस्कूलपासून पाठ असलेली गोष्ट. म्हटलं, फक्त क्रम बघ. येशू आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय, लोक कुरकुरतात, आणि त्यानंतर जक्कय लुबाडलेलं चौपट परत देण्याचं बोलतो. जुन्या करारात, गणना 5 मध्ये कबुली देणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच सांगितलंय, मग हा चौपट का म्हणतो? कारण तो काही कृपेची किंमत भरत नव्हता, कृपा आधीच त्याच्या दाराशी आली होती.

(काही जण इथे येशूला धरून देण्याचे पैसे परत करून मग जीव देणाऱ्या यहूदाचं उदाहरण देतात. आधीच खचलेल्या माणसाला मी ते कधीच देत नाही.)

तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "मी उलटंच करत होतो, आधी पुरेसं झुरायचं मग देव जवळ घेईल."

मोकळं वाटण्याचं म्हणाल तर 1 योहान 3:20 बघा, आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. म्हणजे माफी मिळाली की नाही हे मनाच्या मूडवर ठरत नाही.

मग संघाच्या लीडरला सांगायचं त्याने स्वतःच ठरवलं, मी दबाव टाकला नाही. लीडरने ऐकून घेतलं आणि हिशोबाचं काम काढूनही घेतलं. ते त्याला लागलं, साहजिकच आहे, पण माफी मिळाली म्हणून जबाबदारी लगेच परत मिळते असं नसतं, यावर आमचं पुढचं सेशन गेलं.

एक मात्र, तीच कबुली दिवसभर पुन्हा पुन्हा द्यावीशी वाटत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं होत असेल तर तो विश्वास कमी पडल्याचा पुरावा नाही, ते ओसीडी (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) किंवा डिप्रेशनही असू शकतं. पाळकांशी बोलाच, पण सायकियाट्रिस्टकडेही जा, थांबू नका.