मायनिंग इंजिनिअरला परदेशात खरंच एवढा पगार मिळतो का, आणि जावं का?

पगार मिळतो, त्यात खोटं काही नाही. पण मी पश्चिम ऑस्ट्रेलियात सोन्याच्या अंडरग्राउंड खाणीत काम करतो आणि माझं मत विचाराल तर ऑफर आली की पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा, रोस्टर काय (म्हणजे किती दिवस काम, किती दिवस सुट्टी) आणि धातू कोणता.

इथं बऱ्याच साइट्स फ्लाय-इन फ्लाय-आउट असतात, म्हणजे पर्थवरून विमानाने जायचं, कॅम्पमध्ये राहायचं, 12 तासांची शिफ्ट, आत शिरताना ब्रेथ टेस्ट. 8 दिवस काम 6 दिवस सुट्टी असेल तर ठीक चालतं, पण 2 आठवडे काम आणि 1 आठवडा सुट्टी असली की सुट्टीचे पहिले एकदोन दिवस नाइट शिफ्टची झोप काढण्यातच जातात आणि घरी आपण पाहुणे होऊन बसतो.

काम म्हणाल तर डेस्विक नाहीतर सरपॅक हे खाणीचं सॉफ्टवेअर उघडून डिझाइन करणं आहेच, पण कागदावरचा स्टोप (धातूचा दगड काढायची पोकळी) ब्लास्टनंतर नक्की कसा सुटला ते स्कॅन करून बघावं लागतं, ब्लास्टसाठी पाडलेलं होल वाकडं गेलं किंवा भिंत जास्तीची कोसळली की ओरमध्ये (धातूच्या दगडात) वेस्ट म्हणजे बिनकामाचा दगड मिसळतो, ग्रेड म्हणजे धातूचं प्रमाण पडतं आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे तुमच्याकडे बघतात. सुरुवातीची वर्षं मशीनवाल्यांसोबत खाली काढा, ऑफिसात बसून हे कळत नाही.

आमच्याकडे ब्लास्टिंग शिफ्ट बदलताना होतं. खाली जाताना प्रत्येकाने बोर्डावर टॅग लावायचा, वर आला की काढायचा. एक जरी टॅग राहिला तरी फायरिंग थांबतं, मग रेडिओवर हाका सुरू, आणि बऱ्याचदा साहेब आंघोळ करून जेवायला बसलेले सापडतात! पण माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय बटण दाबत नाहीत. त्यानंतरही धूर निघून गॅसचं रीडिंग घेतल्याशिवाय आत कुणी जात नाही.

आता धातू. इंडोनेशियाचं स्वस्त निकेल बाजारात आलं, भाव पडले आणि 2024 मध्ये बीएचपी या मोठ्या खाण कंपनीने इथल्या आपल्या निकेल वेस्ट या निकेल व्यवसायाचं काम थांबवलं, छोट्या निकेल खाणी त्याआधीच बंद पडत होत्या. त्याच वर्षी सोनं मात्र चढत होतं. चांगलं काम करणाऱ्या इंजिनिअरचीही अशा वेळी नोकरी जाते, त्यामुळे एकाच धातूत अडकू नका, अंडरग्राउंडचा अनुभव तांबं, जस्त, सोनं सगळीकडे चालतो.

आणि हो, एका देशाचं मॅनेजर सर्टिफिकेट दुसरीकडे आपोआप चालेल असं धरू नका, तिथल्या खाणकायद्याची परीक्षा द्यावी लागू शकते. पुढे रिझर्व्हच्या (खाणीतून फायद्यात काढता येईल अशा साठ्याच्या) रिपोर्टवर सही करायची असेल तर जॉर्क कोड या ऑस्ट्रेलियातल्या साठा-रिपोर्टिंगच्या नियमांप्रमाणे त्याच प्रकारच्या साठ्यात किमान 5 वर्षांचा अनुभव आणि ऑसआयएमएमसारख्या (ऑस्ट्रेलियातली खाण व्यावसायिकांची संस्था) मान्य संस्थेची पूर्ण मेंबरशिप लागते, नुसती विद्यार्थी मेंबरशिप चालत नाही, तरी सुरुवात म्हणून विद्यार्थी मेंबरशिप शिकत असतानाच घेऊन ठेवा.