नाशिकमध्ये छापील पेपर टिकेल का?

टिकेल, पण बारीक होऊन. अंकाच्या किमतीत कागद-छपाईचा खर्च निघत नाही. तो जाहिराती भरून काढतात, आणि आता जाहिरातीच मोबाइलकडे वळल्यात. आमच्या पंचवटीत पेपर टाकणाऱ्याच्या सायकलला पूर्वी दोन्ही बाजूंना पिशव्या असायच्या. आता एकच, तीही अर्धी. बाबा लासलगावचा कांद्याचा भाव आदल्या दिवशीच फोनवर बघतात. निधनवार्ता मात्र चष्मा लावून पेपरातच वाचतात. जमीन घेण्याआधी हरकती मागवणारी जाहीर नोटीसही वकील पेपरातच देतात. एवढ्यावर काही वर्षं निघतील. मला काळजी वेगळीच आहे. ‘गावकरी’, ‘देशदूत’ ही नाशिकची दैनिकं इथे रुजली ती तालुक्याच्या बातमीदारांमुळे. सुरगाण्यातल्या वाडीचा पाण्याचा टँकर आला की नाही, हे त्यांच्याशिवाय कोण जाऊन बघणार?