आयईएल्ट्सचा क्लास लावण्याआधी एवढं कर

अगं, डेक्कनवरच्या पाट्या बघून लगेच फी भरू नकोस. आयईएल्ट्स ही परदेशात शिकायला जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, म्हणून आधी तिथलं विद्यापीठ ठरव आणि त्यांना किती बँड, म्हणजे गुण, लागतात ते नीट वाच. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक भागाची वेगळी अट असते. एकूण ७ असूनही रायटिंगच्या ५.५ मुळे प्रवेश अडतो. पदवीसाठी अ‍ॅकॅडमिक हाच प्रकार घे, जनरल ट्रेनिंग नाही.

मराठी माध्यमाची धास्ती सोड. स्पीकिंगमध्ये आपला मराठी हेल चालतो, बोलणं स्पष्ट हवं. खरा कस लागतो लिहिण्यात. एका तासात दोन उत्तरं: पहिलं किमान १५० शब्दांचं, दुसरं २५०. दुसऱ्याला दुप्पट वजन असतं, तरी नवखी मुलं पहिल्यातल्या आलेखावरच अर्धा तास घालवतात. २० मिनिटं झाली की पुढे जा. घड्याळ लावून निबंध लिही आणि जाणकाराकडून तपासून घे. पाठ केलेले निबंध परीक्षक लगेच ओळखतात.

व्हिसाचं आत्ता एवढंच:

- परीक्षेच्या फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षर न् अक्षर.
- ब्रिटनला जायचं असेल तर लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. आदल्या दिवशी काकांकडून घेऊन भरलेली चालत नाही.
- जर्मनी असेल तर एपीएस प्रमाणपत्रासाठी (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) लवकर अर्ज कर.

आणि एखादा एजंट ‘स्टेटमेंट मॅनेज करून देतो’ म्हणाला, तर तिथून सरळ उठून ये. खोट्या कागदांपायी ब्रिटनची दारं १० वर्षं बंद होऊ शकतात.

देश ठरला की कळव, पुढचं तेव्हा बोलू.