गुरगुरणं थांबलं, ते बरं नाही झालं

प्रिय मावशी, दोन वर्षांपूर्वी रिक्षाखाली आलेलं एक पिल्लू मी उचलून घरी आणलं. मागच्या पायाचं ऑपरेशन करून घेतलं. भुऱ्या आता मोठा झालाय, पण सासूबाईंना तो नकोच आहे. सारखा त्यांच्या पलंगाखाली जाऊन बसतो. त्या चिडल्या की मलाच पट्टा धरून त्याला बाहेर ओढावं लागतं. आधी गुरगुरायचा, आता पेपरची गुंडाळी दाखवली की गप्प बसतो, तेवढं बरं आहे. माझी सात वर्षांची मुलगी त्याला फार जीव लावते. नवरा म्हणतो, दिवाळीआधी त्याला कुठेतरी सोडून येऊ. सासूबाईंना कसं समजावू?
– एक वाचक, डोंबिवली

अगं, सगळं पत्र सासूबाईंवर लिहिलंस आणि खरी काळजीची गोष्ट ‘तेवढं बरं आहे’ म्हणून एका ओळीत उरकलीस. बरं नाहीये ते. कुकरची शिट्टी दाबून धरलीस आणि आवाज बंद झाला म्हणून निश्चिंत बसलीस, असं झालंय.

कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो सांगत असतो, की मला भीती वाटतेय किंवा दुखतंय, जवळ येऊ नका. त्याआधीही तो बरंच काही सांगून बघतो. तोंड फिरवतो, उगाच जांभई देतो, नाक चाटतो, अंग ताठ करतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. हे कुणी बघितलं नाही की मग गुरगुरतो. तू गुंडाळी उगारून त्याचं गुरगुरणं बंद केलंस. भीती मात्र आहे तिथेच आहे. आता एखाद्या दिवशी तो काहीही न सांगता चावेल आणि घरात सगळे म्हणतील, ‘अचानक चावला.’ आणि चावेल कुणाला? सासूबाई त्याच्याजवळ जातच नाहीत. जाते ती तुझी मुलगी. ती पलंगाखाली वाकेल तेव्हा तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर असेल. लहान मुलांना कुत्रा चावतो तो बऱ्याचदा चेहऱ्यावर आणि मानेवर, कारण त्यांची उंचीच तेवढी असते.

म्हणून सासूबाईंचं राहू दे बाजूला. आजपासून भुऱ्याला पट्टा धरून ओढायचं नाही. तू नाही, नवऱ्याने नाही, कुणीच नाही. पेपरची गुंडाळी रद्दीत टाक.

तो त्याच पलंगाखाली का जातो, याचा विचार केलास का? खाली अंधार, तीन बाजू बंद, वर छत. रस्त्यावर अपघात सोसलेल्या जनावराला घरात तेवढी एकच जागा सुरक्षित वाटते, आणि तिथूनच तू त्याला गळ्याला धरून काढतेस. सासूबाईंना आपल्या खोलीत कुत्रा नको असेल, तर तो त्यांचा हक्क आहे, त्यावरून भांडू नकोस. त्यांच्या खोलीचं दार लावून घे आणि तुमच्या खोलीत कपाटाच्या आडोशाला त्याची जागा कर. जुनी सतरंजी घाल, वरून चादर सोड, पाण्याचं भांडं ठेव. चुकून पलंगाखाली गेलाच, तर उकडलेल्या अंड्याचा तुकडा दाखवून लांबूनच हाक मार आणि त्याचा तो बाहेर येईपर्यंत थांब. दहा मिनिटं लागली तर लागू देत. त्याच्या नव्या जागेत तो असताना मुलीने हात लावायचा नाही, हे तिला बजावून सांग. सात वर्षांच्या पोरीला कळतं हे. तरीही मोठं माणूस जवळ नसताना दोघांना एका खोलीत सोडू नकोस.

दिवाळीत तर त्याला ही जागा लागणारच. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं आणि फटाका कधी वाजेल ते त्याला कळत नाही. अंधार पडायच्या आत फिरवून आण. पट्ट्याला तुझा फोन नंबर असू दे, कारण घाबरून पळालेला कुत्रा घरची वाट विसरतो. खिडक्या लाव, पंखा आणि टीव्ही चालू ठेव. ‘सवय होईल’ म्हणून गॅलरीत नेऊन उभं करू नकोस. फराळाचे डबेही वर ठेव. लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

नवऱ्याला सांग, पाळलेलं जनावर उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि माणसावर विसंबलेला, पाय अधू झालेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दीत किती दिवस टिकेल, हेही त्याला विचार.

तू ओढणं थांबवलंस की कदाचित तो पुन्हा गुरगुरायला लागेल. सासूबाई म्हणतील, बघ, बिघडला. तेव्हा कच खाऊ नकोस. गुरगुरला की सगळ्यांनी एक पाऊल मागे व्हायचं, त्याला रागवायचं नाही आणि तो कशाला घाबरला ते शोधायचं.

आणि तो पाय! ऑपरेशन झालेला पाय पुढे दुखत राहू शकतो, कुत्रा लंगडला नाही तरीही. ओढताना तो गुरगुरायचा तो दुखण्यामुळेही असेल. घरातली डोकेदुखीची गोळी त्याला चुकूनही देऊ नकोस, आपली औषधं कुत्र्याच्या जिवावर बेततात. या आठवड्यातच डॉक्टरांकडे ने. पाय तपासून घे, रेबीजची लस चालू आहे का बघ, फटाक्यांच्या भीतीवर औषध लागेल का तेही विचार. आणि गुंडाळीचं डॉक्टरांपासून लपवू नकोस, मला लिहिलंस तसं त्यांनाही सांग.

– मावशी